आवडीने खाते, म्हणून काय? : पाळीव घोरपडींच्या आहारपुस्तिकांची चिकित्सा

आहारावर बोला म्हणून बोलावलं, तेव्हा उपवास, सात्त्विक-तामस, असं काहीतरी मी बोलेन अशी अपेक्षा असावी. ते मी पूर्वी पुष्कळ बोललो आहे, पुन्हा नको. आज मला घोरपडीच्या पोटाविषयी बोलायचं आहे. पाळलेल्या घोरपडीच्या. मागे कुणीतरी हसलं, हरकत नाही.

आपल्याकडे घोरपड पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पकडणं, बाळगणं, विकणं, सगळाच गुन्हा. पण अमेरिकेत आणि युरोपात तिची एक आफ्रिकन बहीण हजारो घरांमध्ये काचेच्या पेटीत राहते. शास्त्रीय नाव व्हॅरॅनस एक्झॅन्थेमॅटिकस, बाजारातलं नाव सव्हाना मॉनिटर. सेनेगलपासून पूर्वेकडे पसरलेल्या गवताळ पट्ट्यात ती सापडते, आणि घाना, टोगो, बेनिन या देशांतून तिची पिल्लं बाहेर पाठवली जातात. पिल्लू वीतभरसुद्धा नसतं, स्वस्त मिळतं, आणि पुढे वाढून तीन फुटांच्या आसपास जातं. नीट सांभाळलं तर दहा वर्षांहून जास्त जगू शकणारा हा प्राणी आहे. पाळलेल्यांपैकी पुष्कळ त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाहीत, आणि पोहोचत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा पोटात सापडतं.

मी यात कसा पडलो? माझ्या पुतण्याच्या घरी, टेक्ससमध्ये, अशी एक घोरपड आहे. त्याच्या मुलीने मला दोन पुस्तकं आणि पाच-सहा माहितीपत्रकं पाठवली. एक म्हणतं हे द्या, दुसरं म्हणतं तेच देऊ नका. "आजोबा, तुम्ही तर्कशास्त्र शिकवायचात ना, मग सांगा," असा तिचा रोखठोक सवाल होता. मी ती पुस्तकं एखाद्या दर्शनग्रंथाचं परीक्षण करावं तशी वाचली. तेव्हा आज होणार आहे ते या वाङ्मयप्रकाराचं परीक्षण. लेखकांची नावं घेत नाही. त्यांतला बराच मजकूर एकमेकांवरून उतरवलेला आहे, त्यामुळे नाव घ्यायचं तरी कुणाचं, हाही प्रश्नच.

आता मुद्द्याकडे. या पुस्तिकांपैकी जुन्या संप्रदायाच्या ज्या आहेत, त्यांचा सगळा डोलारा एका अनुमानावर उभा आहे. घोरपडीपुढे उंदीर टाकला. तिने झडप घातली, दोनदा आपटला, गिळला. म्हणून उंदीर हे तिचं योग्य अन्न. नैयायिकाला हे वाक्य दाखवलं तर तो काय विचारेल? हेतू काय, तर आवडीने खाणं. साध्य काय, तर हितकर असणं. आणि व्याप्ती? जिथे जिथे आवडीने खाणं, तिथे तिथे हित, असं कुठे दिसलं? कुत्रं चॉकलेट आवडीने खातं, आणि ते त्याला विषासारखं आहे. आपल्या मंडईबाहेरची गाय प्लास्टिकची पिशवी खाते. हेतू असा साध्याला सोडून भलतीकडे भटकायला लागला की त्याला सव्यभिचार म्हणतात. न्यायाच्या अगदी पहिल्या धड्यांतला हेत्वाभास आहे हा.

पण एवढ्यावर थांबलो तर ते वर्गातलं शहाणपण झालं. अनुमान चुकीचं आहे हे खरं, पण ती उंदरावर एवढ्या त्वेषाने झडप का घालते, हे सांगायला नको का?

त्यासाठी ती रानात काय खाते ते बघावं लागतं. बघणारे लोक आहेत. १९७२ साली सेनेगलमधल्या घोरपडींच्या आहारावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नंतर घानामध्ये डॅनियल बेनेट यांनी शेताशेतांतून हिंडून या घोरपडींची बिळं शोधली, त्या काय खातात ते नोंदवलं. जे सापडलं त्याची यादी मोठी मजेशीर आहे. रातकिडे, नाकतोडे, भुंगेरे, पैसाकिडे, गोगलगायी, विंचू. पाठीचा कणा असलेला प्राणी त्या यादीत क्वचित. लहान पिल्लं तर मोठ्या रातकिड्यांनी खणलेल्या बिळांमध्ये राहतात आणि तेच रातकिडे खातात. यजमानाच्या घरात राहायचं आणि यजमानालाच खायचं. असो.

म्हणजे उंदीर तिला मिळतच नाही, असं नाही. मिळाला तर ती सोडत नाही. पण उंदीर चपळ, आणि ती काही मांजर नव्हे. तो मिळणं हा योग. मग अशा प्राण्याची भूक कशी घडेल? दिसला की झडप घाल, पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, अशी. या भुकेला आतून लगाम नाही, कारण लगाम आत असण्याची गरजच कधी पडली नाही. लगाम रानात होता, टंचाईत होता. पेटीत आपण टंचाई काढून घेतली आणि भूक मात्र होती तशी ठेवली. आता ती दर दोन दिवसांनी मिळणारा, मेलेला, कोमट पाण्यात वितळवलेला उंदीर त्याच त्वेषाने गिळते. तिचा तो त्वेष तिच्या पूर्वजांच्या रानाविषयी काहीतरी सांगतो. आज तिच्या यकृताला काय झेपेल, याविषयी तो काहीच सांगत नाही.

कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगतो, तो आपण सगळे जाणतो. घोरपडीला त्या दोहोंतून निवडायची वेळ रानात येत नाही. प्रेय दुर्मीळ असल्यामुळे ते श्रेयाच्या आड येत नाही. दोन वाटा फुटतात त्या पेटीत, आणि निवड करणारा असतो पेटीचा मालक. तोच म्हणतो, बघा, तिलाच हवंय.

यातला ऋतूंचा भाग पुस्तिकांमध्ये जवळजवळ नसतोच, म्हणून त्यावर जरा थांबतो. त्या गवताळ प्रदेशात पाऊस ठरावीक महिने. पावसात किडे उदंड, तेव्हा ही घोरपड भरपूर खाते आणि पोटातल्या चरबीच्या गाद्या भरून ठेवते. कोरडा काळ आला की हालचाल मंदावते, बिळात नाहीतर झाडावर पडून राहते, आणि त्या साठ्यावर दिवस काढते. आफ्रिकेच्या दक्षिणेकडे तिची जवळची नातलग आहे, पांढऱ्या गळ्याची घोरपड. नामिबियातल्या एतोशा राष्ट्रीय उद्यानात तिच्यावर काम झालं आहे, आणि तिचाही क्रम हाच. चातुर्मासात आपण उपास करतो, यांचा चातुर्मास उलटा. म्हणजे चरबी साठवणं हा या शरीराचा दोष नाही, ते त्याचं कसब आहे. पण पेटीतला पावसाळा संपतच नाही. बारा महिने सुगी. साठवलेलं खर्च करायची वेळ कधी येत नाही, आणि खणायला माती नाही, पळायला जागा नाही.

परिणाम काय होतो? पोट जमिनीला घासायला लागतं, शेपटीचं बूड फुगतं. घरचे लोक खूश असतात, खात्यापित्या घरची दिसते म्हणून. आत यकृतात चरबी भरत असते. ज्याला फॅटी लिव्हर म्हणतात आणि जो आपल्या मध्यमवर्गातही आता घरोघरी झालाय, तोच विकार. आणि घोरपड तक्रार करत नाही. एक दिवस ती खाणं सोडते. त्या दिवशी मालक म्हणतो, आजारी पडली. आजार दोन वर्षांपूर्वी सुरू झालेला असतो.

आता एका शब्दाची चिकित्सा करू, कारण अर्धा घोटाळा शब्दाचा आहे. 'मांसाहारी.' पुस्तिका म्हणते, घोरपडी मांसाहारी आहेत, सबब मांस द्या. व्हॅरॅनस या कुळात ऐंशीच्या आसपास जाती आहेत. इंडोनेशियाची कोमोडो ड्रॅगन हरणं आणि रानडुकरं खाते, आणि न पचलेले केस, दात, शिंगं यांचा गोळा नंतर ओकून टाकते. फिलिपिन्समध्ये बुताआन नावाची घोरपड आहे, वॉल्टर ऑफेनबर्ग यांनी १९८८ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. ती झाडावर चढून केवड्याच्या जातीतली फळं खाते. फळं! सोबत गोगलगायी. आपल्या इकडच्या घोरपडीच्या खाण्यातही मोठा वाटा किड्यांचाच. आणि सव्हाना मॉनिटरचे मागचे दात वयाबरोबर बोथट होत जातात. मांस फाडायला ते कुचकामी, गोगलगायीचं कवच फोडायला उत्तम. आता 'मांसाहारी' या एका शब्दात हे सगळं कोंबलं तर त्यातून हाती काय लागणार? किडा हे मांस आहे का, या प्रश्नावर आमच्या जुन्या विभागात दोन तास वाद झाला असता. पण स्वयंपाकघरात त्या शब्दाचा अर्थ एकच होतो. गोठवलेला उंदीर, कोंबडीचे तुकडे, काही ठिकाणी तर कुत्र्यांचं डबाबंद अन्न.

इथे मला चरक आठवतो. चरकाने प्राण्यांचे वर्ग पाडले आहेत ते माणसाने कुणाचं मांस खावं यासाठी, आणि त्यात गोधा, म्हणजे आपली घोरपड, आहे. तिला त्याने कुठल्या वर्गात टाकलं? झडप घालून खाणाऱ्या प्रसहांमध्ये नव्हे. भूमिशयांमध्ये, म्हणजे जमिनीत, बिळात राहणाऱ्यांमध्ये. त्याचा हेतू वेगळा होता, त्यावरून आजच्या पशुवैद्यकाला आधार मिळतो असला दावा मी करणार नाही. तसले दावे करणारे पुष्कळ आहेत, त्यांना करू द्या. पण दात बघण्याऐवजी तिची झोपायची जागा बघावी, ही नजर मला महत्त्वाची वाटते. कारण पोटाचे अर्धे आजार तिथून सुरू होतात.

ते कसे, ते सांगतो. आपला जठराग्नी आपल्या आत असतो. बाहेर पाऊस असो की बर्फ, पोटातलं तापमान तेच. घोरपडीचा अग्नी तिच्या बाहेर आहे. उन्हात बसून ती अंग ३५ ते ३८ अंशांपर्यंत तापवते, आणि मगच पाचक रस, आतड्याची हालचाल, सगळं नीट चालू लागतं. जेवणानंतर तिचा प्राणवायूचा वापर कित्येक पटींनी वाढतो. पचवणं हे तिच्यासाठी मेहनतीचं काम आहे. हा अग्नी मंद असेल तर गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी कुजतो. मग उलटी, नाहीतर पोट फुगणं. जाणते पाळणारे बसायच्या जागेचा पृष्ठभाग ५० अंशांच्याही वर नेतात आणि दुसरा कोपरा गार ठेवतात, म्हणजे तिची ती ठरवेल कधी कुठे जायचं. पुष्कळ घरांत मात्र सगळ्या पेटीत मिळून एक कोमट हवा असते. ना धड ऊन, ना धड सावली.

आणि पाणी. तिचं मूळ राहणं दमट बिळात. कोरड्या पेटीत, वर दिवा तापलेला, प्रत्येक श्वासाबरोबर पाणी जातं. या प्राण्यांच्या शरीरातला नायट्रोजनचा कचरा यूरिक अॅसिडच्या रूपात बाहेर पडतो, पांढऱ्या चुन्यासारखा. पाणी कमी पडलं, मूत्रपिंड थकलं, आणि वरून उंदरांचा मारा चालूच राहिला, की ते यूरिक अॅसिड सांध्यांत नाहीतर आतल्या अवयवांवर साचतं. हा गाऊट. राजेलोकांचा रोग म्हणायचे पूर्वी. काचेच्या पेटीतल्या या राणीलाही तो होतो.

म्हणून माझा या पुस्तिकांवरचा मुख्य आक्षेप आता नीट मांडता येईल. उंदीर द्या की किडे द्या, हा नंतरचा वाद. माझा आक्षेप त्यांच्या अनुक्रमणिकेवर आहे. आहार हे एक प्रकरण. दिवे आणि तापमान हे दुसरं, उपकरणांच्या खरेदीबरोबर. जमिनीवर काय पसरावं हे तिसरं. रोग शेवटी, अगदी परिशिष्टासारखे. वाचणाऱ्याची समजूत होते की आहाराचं प्रकरण पाळलं म्हणजे पोट सुरक्षित. चरकाच्या विमानस्थानात आहाराचा विचार करताना आठ गोष्टी एकत्र घ्यायला सांगितल्या आहेत. पदार्थाची प्रकृती ही त्यांतली फक्त पहिली. पुढे संस्कार आहे, संयोग आहे, राशी म्हणजे प्रमाण आहे, देश आहे, काल आहे, जेवणाचे नियम आहेत, आणि शेवटी खाणारा स्वतः. आमच्या पुस्तिका पहिलीपाशी थांबतात. प्रमाणावर दोन ओळी, देश आणि काल यांचा पत्ता नाही, आणि खाणारी घोरपड मुखपृष्ठावर.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे इम्पॅक्शन, आतडं तुंबणं. घोरपड चार-सहा दिवस, आठवडा, शी करत नाही, सुस्त पडते, पोट घट्ट लागतं. क्ष-किरण चित्रात आतड्यात वाळू दिसते. निदान झालं, वाळू गुन्हेगार. लगेच पेटीतली माती काढा, वर्तमानपत्र घाला. पण रानातली घोरपड जन्मभर माती उकरून किडे खाते. माती तिच्या पोटात जातच असते आणि बाहेर पडतच असते. मग इथेच का अडली? नैयायिक अन्यथासिद्ध म्हणतात ते हेच. कुंभाराचं गाढव मडक्याच्या आधी हजर असतं, माती त्याच्याच पाठीवरून आलेली असते, म्हणून ते मडक्याचं कारण होत नाही. अंगात पाणी नसेल तर मळ सुकतो. ऊब नसेल तर आतडं हलत नाही. रक्तात कॅल्शियम कमी असेल तर आतड्याच्या स्नायूंत जोरच राहत नाही. मादीच्या पोटात अंडी अडलेली असतील, मूत्रपिंड सुजलेलं असेल, तर वाटच दाबली जाते. वाळू अगदीच गाढव आहे असंही मी म्हणत नाही. नुसती बारीक कोरडी वाळू घातली, त्यात बीळ टिकत नाही, घासाबरोबर मूठभर जाते, तर ती अडवूही शकते. पण माती काढून वर्तमानपत्र घातलं की तिचं बीळ गेलं, बिळातला ओलावा गेला, उकरण्याचा व्यायाम गेला. म्हणजे गाढवाला शिक्षा म्हणून कुंभाराचं चाक मोडलं.

आता दुसऱ्या बाजूकडे. गेल्या वीसेक वर्षांत पाळणाऱ्यांमध्ये एक नवा संप्रदाय आला आहे. फक्त किडे. उंदराचं नाव काढलं तर पंक्तीतून उठवतील. यांचा पुरावा बरा आहे, हे मी वर कबूल केलंच. पण यांचं प्रमाण काय, तर 'निसर्गात असंच असतं.' निसर्गात असतं म्हणून ते चांगलं, या युक्तिवादाला हल्ली सगळे 'निसर्गवादी दोष' म्हणतात आणि मूरचं नाव घेतात. १९०३ च्या ग्रंथात मूरला म्हणायचं होतं ते बरंच वेगळं, पण तो माझा जुना त्रागा, आज सोडून देतो. निसर्गात त्या घोरपडीच्या पोटात जंतही असतात. ते आपण पेटीत मुद्दाम नेत नाही. आणि मुख्य म्हणजे दुकानातला रातकिडा हा घानातला रातकिडा नव्हे. रानात शंभर तऱ्हेचे जीव, कवचासकट गोगलगायी. दुकानात एकाच जातीचे किडे, खोक्यात वाढवलेले. किड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार थोडं. वरून कॅल्शियमची पूड चोळली नाही, ड जीवनसत्त्वाची आणि अतिनील दिव्याची सोय केली नाही, तर हाडं मऊ पडतात, आणि मघाशी सांगितलं तसं आतडंही मंदावतं. उंदीर अख्खा दिला तर त्याच्या हाडांतून कॅल्शियम मिळतं. त्या बिचाऱ्या उंदराचा गुन्हा एवढाच की तो फार वेळा, फार मोठा, आणि हलायला जागा नसलेल्या प्राण्याला दिला जातो. मी न्यायाधीश असतो तर किड्यांच्या बाजूने निकाल दिला असता, गोगलगायी आणि झुरळं धरून, उंदीर क्वचित. पण निकालपत्रात दिव्याचं आणि ओल्या मातीचं कलम आधी घातलं असतं.

प्लेटोच्या 'गॉर्जियस'मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की आचारी आणि वैद्य यांची स्पर्धा लहान मुलांपुढे लावली, तर वैद्य उपाशी मरेल. इथे मूल दुहेरी आहे. एक पेटीतली घोरपड, आणि दुसरा बाहेर फोन धरून उभा असलेला माणूस. झडप घालण्याचं दृश्य त्याला बघायचं असतं, मित्रांना दाखवायचं असतं. गोगलगाय कुरकुर फोडून खाणारी घोरपड बघायला कोण येणार? पुस्तिका लिहिणाऱ्याला हे माहीत असतं. पिल्लू विकणाऱ्याला तर असतंच. घानातल्या कुणाच्या तरी शेतातून उचललेलं ते पिल्लू इतकं स्वस्त आहे की आधीचं मेलं तर दुसरं येतं. शस्त्रक्रियेचा खर्च पिल्लाच्या किमतीच्या कित्येक पट. ज्या प्राण्याच्या मरणाचा हिशेब असा आधीच झालेला असतो, त्याच्याविषयीची पुस्तिका ढिसाळ राहिली तर कुणाचं काय अडतं? पुतण्याच्या मुलीचं अडलं, म्हणून तिने विचारलं.

माझं बोलणं झालं. प्रश्न असतील तर घेऊ. पडद्यावर एक आलेला आहे, न्यू जर्सीहून. विचारतायत की उलटी झाल्यावर पोट रिकामं राहू नये म्हणून लगेच पुन्हा खायला द्यावं का?

नको. मी डॉक्टर नाही, पण यावर सगळ्या चांगल्या पुस्तकांचं एकमत आहे. आपण पाहुण्याला आग्रह करतो तसा इथे करू नका. आधी तापमापक लावून बघा, बसायच्या जागेवर आणि गार कोपऱ्यात, दोन्हीकडे. दिव्याच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. पाणी पुढे ठेवा. शेवटचा घास फार मोठा होता का, जेवल्यावर लगेच कुणी तिला उचलून खेळवलं का, तेही आठवा. काही दिवस थांबून मग अगदी लहान घास. उलटी पुन्हा झाली, किंवा वजन उतरत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडे न्या. आफ्रिकेतून आलेल्या पिल्लांमध्ये परोपजीवी असू शकतात. शेजारच्या पेटीत कासव असेल तर तेही सांगा, कारण कासवाला न बाधणारा एक अमीबा घोरपडीला मारू शकतो. आणि विष्ठेचा नमुना नेताना ताजा न्या. दोन दिवसांचा वाळलेला नेलात तर त्यात त्यांना फारसं काही सापडणार नाही.